ऐकणारी मुलं बोलू लागली तेव्हा

आपल्यापैकी बऱ्याच जणी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं तिथल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळे शाळेत काय आणायचं आणि काय नाही, यावर हात वर करायची वेळ आपल्यावर येतेच. हल्ली या बैठकांत एक नवा शब्द कानावर येतो, पॉडकास्ट. मास्तर म्हणतात, मुलांना पॉडकास्ट ऐकवू, एक चांगला स्पीकर घेऊ. कुणी तरी विचारतं, 'हे काय नवीन खूळ?' आणि मग सगळे गप्प बसतात, कारण नीट ठाऊक कुणालाच नसतं.

खूळ नाही, आणि तितकंसं नवीनही नाही. पॉडकास्ट म्हणजे आवाजात भरून ठेवलेला कार्यक्रम. आपला रेडिओ ठरल्या वेळी लागतो. चुलीवर भाकरी असली की तो कार्यक्रम हुकला तो हुकलाच. पॉडकास्ट मात्र फोनमध्ये साठवून ठेवता येतो, हवा तेव्हा लावता येतो, मधेच थांबवता येतो, पुन्हा मागं नेता येतो. लोणच्याची बरणी म्हणा ना. फरक एवढाच. आवाजानं शिकवायची कल्पना मात्र शंभर वर्षं जुनी आहे, आणि या शंभर वर्षांत ती कुठं जमली आणि कुठं फसली, हे कळलं तर स्पीकरच्या ठरावावर हात वर करणं सोपं जाईल. म्हणून आज ती गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये बीबीसीनं शाळांसाठी पहिला कार्यक्रम लावला तो ४ एप्रिल १९२४ रोजी. विषय होता संगीत. आपल्याकडे आकाशवाणीनं शाळांसाठी कार्यक्रम सुरू केले ते १९३७ साली. कल्पना चांगली होती, मोठमोठी जाणकार माणसं बोलायची. पण अडचण तुम्हीच ओळखाल. रेडिओची वेळ आणि शाळेची वेळ जुळली पाहिजे. वर्गात रेडिओ पाहिजे, तो चालू पाहिजे. आणि समजा सगळं जुळलं, तरी आतला माणूस बोलत राहणार आणि पोरं ऐकत राहणार. एखाद्या पोराला तिसऱ्या वाक्यालाच काही कळलं नाही, तर त्यानं विचारायचं कुणाला? रेडिओ थोडाच थांबतो.

हा प्रश्न ज्यांनी सोडवला ते लोक फार लांबचे. ऑस्ट्रेलियाचा मधला भाग म्हणजे कोरडं, लाल मातीचं रान. तिथं गुरं आणि मेंढरं पाळणारी कुटुंबं एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर राहतात. शेजारीण म्हणून हाक मारावी तर दिवसभराच्या वाटेवर. डॉक्टर विमानानं यायचा, पण त्याला निरोप कसा द्यायचा? १९२०च्या दशकाच्या अखेरीस आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या माणसानं एक यंत्र केलं. पायानं पेडल मारायचं, त्यातून वीज तयार व्हायची आणि त्या विजेवर रेडिओ चालायचा. नुसता ऐकायचा नाही, बोलायचाही. शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला हे सांगावं लागणार नाही. पाय चालले की काम चाललं.

यंत्र आलं डॉक्टरसाठी, पण बायकांनी ते आपलंसं केलं. दिवसातली एक वेळ ठरलेली असायची. तेव्हा रानोमाळ विखुरलेल्या घरांतल्या बायका रेडिओवर यायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या. कुणाचं बाळ आजारी, कुठं पाऊस झाला, कुणाचा केक फसला. त्या वेळेला तिथं 'गलाह'चं सत्र म्हणायचे. गलाह हा तिकडचा कलकलाट करणारा पोपटाच्या जातीचा पक्षी. नाव कुणी चिडवायला ठेवलं असेल तर असो. माझ्या मते तो जगातल्या पहिल्या बचत गटांच्या बैठकींपैकी एक होता, फक्त त्यात पैशाऐवजी सोबत साठत होती.

त्याच रेडिओवर शाळा सुरू करायचं सुचलं अ‍ॅडिलेड मीथ्की या बाईंना. त्या शाळा-निरीक्षक होत्या आणि उडत्या डॉक्टरांच्या संस्थेच्या कामातही होत्या. त्यांच्या ध्यानात आलं, की या रानातली मुलं लाजरी आहेत, इतर मुलांत कधी मिसळलेली नाहीत, पण रेडिओ मात्र सगळ्यांना चालवता येतो. मग त्यावरच शाळा का भरवू नये? ८ जून १९५१ रोजी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या गावातून 'हवेतली शाळा' सुरू झाली. तोवर ही मुलं टपालानं येणारे धडे सोडवत होती. आता त्या धड्यांना आवाज मिळाला.

आणि इथंच गंमत आहे. सुरुवातीला हीही शाळा एकमार्गीच होती, बाई बोलणार आणि मुलं ऐकणार. पण लवकरच प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ ठेवली गेली. चारशे कोसांवरचं पोर आपलं नाव सांगून प्रश्न विचारायचं, आणि त्याचा प्रश्न बाकीची सगळी पोरं ऐकायची. ज्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं ती मुलं एका वर्गातली झाली. घरात त्यांच्याजवळ बसायची ती आई. पाटी काढ, पान उघड, नीट बस, हे रेडिओतल्या बाईला दिसणार नव्हतं, ते आईनं पाहायचं. त्या शाळेचा अर्धा भार आयांनी उचलला होता, आणि माझ्या मते इतिहासात त्यांची नोंद असायला हवी तेवढी नाही.

आता घराजवळ येऊ. तुमच्यापैकी काही जणी सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, पुणे या भागांतल्या असाल. तुमच्या आजोबांनी कदाचित यात भाग घेतला असेल. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं एक प्रयोग केला, रेडिओ ग्रामीण मंडळांचा. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो, आणि आजचा सांगली जिल्हा दक्षिण सातारा म्हणून ओळखला जायचा. या पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात मंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. फेब्रुवारी ते एप्रिल असे दोन महिने, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम. एकूण २० कार्यक्रम झाले. विषय शेतीचे, गावाच्या प्रश्नांचे.

कल्पना आली होती कॅनडातून. तिथं १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळं होती. शेजारीपाजारी एखाद्या घरात जमून ऐकायचे आणि मग बोलायचे. त्यांचं घोषवाक्य होतं, वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. आपल्याकडे वाचणारे तेव्हा थोडे होते, म्हणून भर पडला ऐकण्यावर आणि चर्चेवर. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायला बसायचं. आपल्या गावात हे जमेल का? कुणी करून पाहिलंय? अडचण काय? चिटणीस ते लिहून केंद्राला पाठवायचा, आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्या प्रश्नांना उत्तरं मिळायची.

या प्रयोगाची तपासणी केली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं. त्या कामाचे प्रमुख होते पॉल न्यूराथ, ऑस्ट्रियात जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी फार शहाणपणाची तुलना केली. काही गावं मंडळांची घेतली. काही गावं अशी घेतली, जिथं रेडिओ होता पण मंडळ नव्हतं. काही गावांत रेडिओच नव्हता. आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. निकाल असा, की मंडळांच्या गावांतलं ज्ञान चांगलं वाढलं. आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत? फारच थोडं. म्हणजे तोच रेडिओ, तोच कार्यक्रम, तोच आवाज. फरक होता तो कार्यक्रम संपल्यावर कोण थांबलं आणि कोण उठून गेलं याचा.

मला विचाराल तर स्पीकरच्या ठरावावर बोलायला हे एवढंच उदाहरण पुरे आहे. ते आपल्याच मातीतलं आहे, कुणी परदेशातून आणून सांगितलेलं नाही. यंत्र घ्यायचं की नाही, हा दुसरा प्रश्न. यंत्र बंद झाल्यावर पोरांशी कोण बोलणार, हा पहिला.

लहान मुलांच्या वर्गात हेच कसं करायचं, याचं उत्तर निकाराग्वा या मध्य अमेरिकेतल्या छोट्या देशात सापडलं. १९७४ पासून तिथं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मदतीनं पहिलीच्या मुलांना रेडिओवरून गणित शिकवू लागले. त्या कार्यक्रमात एक साधी युक्ती होती. रेडिओ विचारायचा, 'तीन आणि दोन किती?' आणि मग गप्प बसायचा. काही क्षण काहीच नाही. त्या क्षणांत अख्खा वर्ग ओरडायचा, पाच! मग रेडिओ म्हणायचा, पाच. आणि पुढचा प्रश्न. अर्ध्या तासात मुलं कित्येक वेळा उत्तर द्यायची, टाळ्या वाजवायची, वहीत लिहायची, खडे मोजायची. मास्तर तिथंच असायचे आणि रेडिओनंतरचा भाग तेच घ्यायचे. ही मुलं गणितात नेहमीच्या वर्गांपेक्षा पुढं गेली. ही पद्धत मग केनियात इंग्रजी शिकवायला वापरली, आणि तिथून ती बऱ्याच देशांत पसरली. तिचा सगळा जीव त्या काही क्षणांच्या शांततेत आहे. आपण गोष्ट सांगताना 'मग काय झालं असेल?' म्हणून थांबतो ना, तसंच. आजीबाईंना हे विद्यापीठानं शिकवावं लागलं नाही.

कोलंबियातल्या सुतातेन्सा या डोंगरातल्या गावीही असंच काही झालं होतं. तिथं १९४७ साली साल्सेदो या पाद्र्यानं शेतकऱ्यांसाठी रेडिओ सुरू केला आणि घराघरांत रेडिओ-शाळा भरू लागल्या. प्रत्येक ठिकाणी लिहिता-वाचता येणारं एक कुणीतरी मदतनीस असायचं. फळ्यावर अक्षर काढायचं काम त्याचं. ऐकणाऱ्यांनी या केंद्राला लाखो पत्रं लिहिली. ज्यांना अक्षर येत नव्हतं, ते लिहायला शिकले आणि पहिलं पत्र रेडिओला धाडलं.

आता पॉडकास्टकडे. हा शब्द छापून आला तो २००४ साली, बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराच्या लेखात. खिशात मावणारं गाणी ऐकायचं एक यंत्र तेव्हा गाजत होतं, आयपॉड. त्यातला 'पॉड' आणि ब्रॉडकास्टमधला 'कास्ट' असा तो जोडशब्द. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं पहिल्या वर्षाच्या १६०० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांना ही यंत्रं फुकट वाटली. श्रीमंत विद्यापीठ, त्याचं कौतुक आपण किती करायचं!

मला जास्त आवडतं ते २००५ सालचं उदाहरण. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात विलोडेल नावाची प्राथमिक शाळा आहे. तिथल्या टोनी व्हिन्सेंट या शिक्षकानं मुलांना पॉडकास्ट ऐकवला नाही, करायला लावला. मुलं विषय शोधायची, लिहायची, एकमेकांना वाचून दाखवायची, मग माइकसमोर बोलायची. जे वर्गात शिकलं तेच दुसऱ्या मुलांना समजावून सांगायचं. ज्याला स्वतःला कळलेलं नाही, त्याला दोन मिनिटंही बोलता येत नाही. तोंड उघडलं की कळतं. ऐकणाऱ्या मुलाला प्रश्न विचारायला मिळणं ही एक पायरी झाली. बोलायची जागाच त्याला देणं ही त्याच्या पुढची.

पण ही पायरी आपल्या बाजूच्या बायका त्याआधीच चढल्या होत्या. तेलंगणात, आपल्या सोलापूर-लातूरच्या पलीकडे, झहीराबादजवळ पस्तापूर आणि माचनूर ही गावं आहेत. तिथल्या दलित शेतकरी बायकांचे संघम आहेत. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेबरोबर त्या काम करतात. त्यांच्याकडे ध्वनिमुद्रणाची खोली होती, पण हवेत आवाज सोडायचा परवाना मिळत नव्हता. सरकार देतच नव्हतं. मग त्यांनी काय केलं? बियाण्यांच्या, सणांच्या, औषधी पाल्याच्या गोष्टी कॅसेटवर भरल्या, आणि गावोगावच्या संघमच्या बैठकीत त्या कॅसेट वाजवल्या. साठवलेला आवाज, हवा तेव्हा ऐकायचा, ऐकून झाल्यावर बोलायचं. पॉडकास्ट हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता.

हवेतल्या लहरी सरकारच्या मालकीच्या नाहीत, त्या जनतेच्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं. तो निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये आपले पी. बी. सावंत होते. तरीही स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळायला २००६ उजाडलं. १५ ऑक्टोबर २००८ रोजी संघम रेडिओ हवेत गेला. उद्घाटनाला न्यायमूर्ती सावंत होते, आणि त्याच तारखेला जगानं पहिल्यांदा ग्रामीण महिला दिन पाळला. त्याच वर्षी साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी बायकांचा रेडिओ सुरू झाला.

२०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा ही सगळी जुनी हत्यारं परत बाहेर निघाली. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' लागायची. पालघर जिल्ह्यात जव्हारकडच्या पाड्यांवर, जिथं फोनची रेंजच नाही, तिथं भोंग्यावर धडे वाजवले. मुलं अंगणात, झाडाखाली अंतर राखून बसायची. महागड्या फोनवरचे वर्ग ज्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत, त्यांच्यापर्यंत भोंगा पोहोचला. मात्र भोंगाही थांबत नाही. त्याच्या शेजारी उभं राहून 'कळलं का रे?' विचारणारी एखादी ताई जिथं होती, तिथं शिकणं पुढं गेलं असणार, असं पुण्याच्या त्या जुन्या प्रयोगावरून तरी वाटतं.

आवाजाला मर्यादा आहेत, त्याही बोलून टाकते. नकाशा ऐकून कळत नाही. भूमितीची आकृती कागदावरच काढावी लागते. ज्या मुलाला ऐकू कमी येतं, त्याला या सगळ्याचा उपयोग नाही, उलट तो आणखी मागं पडतो. त्याच्यासाठी तोच धडा लिहून द्यायला हवा. मास्तरांची जागा रिकामी आहे म्हणून तिथं स्पीकर ठेवू, असं कुणी म्हणालं तर ठरावाला सरळ विरोध करा.

मास्तर जागेवर असतील आणि त्यांची तयारी असेल, तर मात्र फारसा खर्च नाही. एक साधा स्मार्टफोन बहुतेक गावांत आहेच. त्यात आवाज भरायची सोय असते. खोलीत घुमतं, म्हणून दाराला गोधडी लावायची आणि पंखा बंद करायचा. फोन तोंडापासून वीतभर लांब. पाच-सात मिनिटांपेक्षा लांबवायचं नाही, आणि मधे एक प्रश्न विचारून दहापर्यंत मोजून गप्प बसायचं. हे निकाराग्वाचं देणं. तयार झालेला आवाज मेमरी कार्डवर घेतला की नेट लागत नाही. मुलाचं पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन नंबर त्यात घालायचा नाही.

आणि पहिला विषय काय घ्यायचा, तर माझं मत १९७२च्या दुष्काळाला. इतिहासाच्या पुस्तकात तो असला तरी त्यात तुमच्या गावचं नाव नसतं. तो ज्यांनी भोगला त्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. खडी कुठं फोडली, कोणता रस्ता आपल्या हातचा, पाझर तलावाची माती कुणी वाहिली, लाल मिलोची भाकरी कशी लागायची, सुकडी कुठं वाटली जायची, कडेवरचं मूल कामावर कुठं ठेवलं, हजेरी कोण घ्यायचं आणि मजुरी हातात किती यायची. त्याच दुष्काळी कामांतून पुढं राज्याचा रोजगार हमी कायदा आला, १९७७ साली. सातवी-आठवीच्या मुलांनी हे प्रश्न वहीत लिहून आजीसमोर बसायचं. आधी तिची परवानगी घ्यायची, कशासाठी भरतोय ते सांगायचं, आणि झाल्यावर तिला तिचाच आवाज ऐकवायचा. 'हे नको' म्हणाली तर तो भाग पुसायचा. मुलांना घाई असते, आजीला नसते. ती मधेच थांबली तर थांबू द्या. फोन चालूच ठेवा.